एका क्रियापदाचे वजन

सागरी सफरींच्या इंग्रजी गोष्टी वाचू लागलेल्या विद्यार्थ्याला एक वाक्य हमखास अडवते. जहाज बंदरात उभे आहे, पहाट झाली आहे, वारा अनुकूल आहे आणि लेखक सांगतो की खलाश्यांनी अँकर ‘वे’ केला. ‘वे’ म्हणजे वजन करणे, असे आपण शाळेत पाठ केलेले असते. मग निघण्याच्या ऐन घाईत या मंडळींना नांगराचे वजन करण्याची बुद्धी का व्हावी? आणि एवढे अवजड धूड ते तोलणार तरी कशात?

शब्दकोश उघडला की उलगडा होतो. ‘टु वे अँकर’ म्हणजे नांगर उचलणे. पण हा उलगडा अर्थाचा झाला, कारणाचा नव्हे. वजन करणे आणि नांगर उचलणे ही दोन कामे एकाच क्रियापदाकडे कशी आली, हे शब्दकोशातील ती ओळ सांगत नाही. त्याचा शोध घेऊ लागलो की आपण इंग्लंडहून निघून पार आपल्या घरच्या मराठीपर्यंत येऊन पोहोचतो. आणि वाटेत पदार्थविज्ञानाची दोन-तीन स्थानकेही लागतात.

प्रथम या क्रियापदाची ओळख करून घेऊ. स्पेलिंग डब्ल्यू, ई, आय, जी, एच. उच्चार नुसता ‘वे’. शेवटची दोन अक्षरे लिहायची, पण बोलायची नाहीत. वाणी साखर ‘वे’ करतो, म्हणजे तोलतो. पोते पन्नास किलो ‘वे’ करते, म्हणजे त्याचे वजन तेवढे भरते. शहाणा मनुष्य आपले शब्द ‘वे’ करतो. आपणही शब्द तोलून बोलावे असेच म्हणतो. एखादी काळजी मनावर ‘वे’ करते, म्हणजे तिचे ओझे वाटते. कुस्तीगीर किंवा मुष्टियोद्धा लढतीपूर्वी ‘वे-इन’ला जातो. या साऱ्या उपयोगांत वजनाची कल्पना आहे. एकटा नांगर तेवढा पंगतीबाहेर बसलेला दिसतो.

आता गंमत अशी की, पंगतीबाहेरचा हा पाहुणाच घरातला सर्वांत वडीलधारा आहे. हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत हे क्रियापद ‘वेगन’ असे होते आणि त्याचा अर्थ होता वाहून नेणे, घेऊन जाणे, हलविणे. माणसे शस्त्रे ‘वेगन’ करीत, घोडे ओझी ‘वेगन’ करीत. तोलणे हा अर्थही तेव्हा त्याला चिकटलेला होता, पण तो वाहण्याच्या पोटात होता. पुढील शतकांत फ्रेंचांकडून ‘कॅरी’ हे क्रियापद आले, ‘बेअर’ हे घरचे क्रियापद होतेच, आणि वाहून नेण्याचे काम हळूहळू या दोघांकडे गेले. ‘वे’कडे उरले ते तोलणे. खलाश्यांची बोली मात्र जुनी भांडी टाकून देत नाही. नांगर उचलण्यापुरता तो जुना अर्थ त्यांनी सांभाळून ठेवला.

इंग्रजीत दुसराही एक ‘वे’ आहे, रस्ता या अर्थाचा. त्याचे स्पेलिंग डब्ल्यू, ए, वाय. हे दोन शब्द केवळ कानाला सारखे आहेत, असे मुलांना बजावून सांगितले जाते. स्पेलिंगच्या दृष्टीने ते योग्यच आहे. पण मुळात ते भाऊभाऊ आहेत. ज्यावरून वाहून न्यायचे तो ‘वे’, म्हणजे रस्ता. निघालेल्या जहाजाला ‘अंडर वे’ म्हणतात, त्यात हा रस्त्याचा ‘वे’ आहे. पण नांगराच्या ‘वे’शी घोटाळा होऊन कित्येक लेखक तिथेही जी-एचचे स्पेलिंग लिहीत असत. घोटाळा झाला खरा, पण तो घरातल्या घरात.

ज्यात घालून वाहून न्यायचे ती ‘वॅगन’. हा शब्द इंग्रजांनी डच लोकांकडून घेतला. जर्मन भाषेत गाडीला ‘वागन’ म्हणतात. फोक्सवॅगन म्हणजे जनतेची गाडी, हे अनेकांना ठाऊक असेल. आपल्याकडे रेल्वे आली तेव्हा मालगाडीबरोबर ‘वॅगन’ही आली आणि मराठी माणसाने तिची ‘वाघीण’ करून टाकली. आजही रेल्वेच्या बातम्यांत मालगाडीच्या वाघिणी घसरल्याचे आपण वाचतो. या वाघिणीचा वाघाशी काही संबंध नाही. तिचा खरा नातेवाईक मराठीतच आहे, पण तो निराळा. तो कोण, हे आता पाहू.

हंस, सोने आणि कणीक

२ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे सर विल्यम जोन्स या न्यायाधीशाने एक भाषण केले. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषांतील क्रियापदांची मुळे व व्याकरणाची रूपे यांच्यात एवढे साम्य आहे की ते योगायोगाने आले असे म्हणता येणार नाही. या भाषा एखाद्या समान उगमातून निघाल्या असाव्यात, असे त्यांचे म्हणणे होते. तो उगम कदाचित आता अस्तित्वात नसेल, असेही त्यांनी सुचविले. पुढे अभ्यासकांनी जर्मन, इंग्रजी, रशियन, फारसी अशा अनेक भाषा या कुळात बसविल्या. त्या हरवलेल्या आदिभाषेचा एकही लेख उपलब्ध नाही. तरी तिचे शब्द कसे असावेत हे तिच्या लेकींच्या तोंडावळ्यावरून ताडता येते.

इथे एखादा चौकस विद्यार्थी विचारील की, दोन शब्द सारखे वाटले म्हणून ते एका मुळाचे असे मानणे हे काही शास्त्र झाले नाही. अगदी खरे. नुसत्या साम्यावर विसंबले तर काय होते पाहा. ‘वेगन’ म्हणजे हलविणे, नेणे. आणि आपला ‘वेग’ म्हणजे गती. उच्चार जवळचा, अर्थही जवळचा. कोणीही म्हणेल की हे एकच. पण ते एक नाहीत. ‘वेग’ हा संस्कृतातील ‘विज्’ या धातूपासून आला आहे. ‘वजन’ आणि ‘वेट’ यांचेही तसेच. वजन हा शब्द अरबी आहे, फारसीच्या वाटेने मराठीत आला आणि अरबी भाषेचे कूळच वेगळे. पायांतील ‘वहाण’ आपल्याला वाहून नेते असे म्हणायचा मोह होईल. पण ती संस्कृतातील ‘उपानह्’ची झिजलेली आकृती आहे.

मग खरे कसे ओळखायचे? त्यासाठी नियम हवा आणि तो पुन्हापुन्हा पडताळता आला पाहिजे. असा नियम १८२२ साली याकोब ग्रिम याने व्यवस्थित मांडला. त्याआधी डेन्मार्कच्या रास्मुस रास्क याने त्याची वाट दाखविली होती. हिमगौरीची आणि अशा कितीतरी परीकथा ज्यांनी गोळा केल्या त्या दोन ग्रिम बंधूंपैकी थोरला तो हा. दिवसा आजीबाईच्या गोष्टी आणि रात्री व्यंजनांचे कोष्टक, असा या माणसाचा व्यासंग! आदिभाषेतील अमुक व्यंजनाच्या जागी इंग्रजी-जर्मन शाखेत नेमाने तमुक व्यंजन येते, हे त्याने उदाहरणांची रास रचून दाखविले.

आपल्याला त्यातला एकच धागा पुरे. आदिभाषेत ‘घ’च्या जवळचा, टाळूकडून उच्चारला जाणारा एक वर्ण होता. संस्कृतात त्याचा ‘ह’ झाला, इंग्रजीच्या शाखेत ‘ग’. संस्कृतात ‘हंस’, तर इंग्रजीत ‘गूज’. (पक्षी अगदी तोच नव्हे, पण नात्यातलाच.) संस्कृतात ‘हिरण्य’, तर इंग्रजीत ‘गोल्ड’. शब्दाच्या आरंभी हा ‘ग’ आजही खणखणीत ऐकू येतो.

शब्दाच्या शेवटी मात्र इंग्रजी ‘ग’ दुबळा पडला. घासत घासत तो उच्चारातून नाहीसा झाला आणि स्पेलिंगमध्ये जी-एचच्या रूपाने त्याची खूण तेवढी उरली. म्हणजे जिथे असे मुके जी-एच दिसेल तिथे संस्कृतात ‘ह’ सापडतो का, ते पाहायचे. झाडाच्या फांदीला इंग्रजीत ‘बाउ’ म्हणतात. शेवटी जी-एच आहे. जुन्या इंग्रजीत तो शब्द ‘बोग’ असा होता आणि त्याचा अर्थ केवळ फांदी नव्हे, खांदा असाही होता. संस्कृतात ‘बाहु’! मळलेल्या कणकेला इंग्रजीत ‘डो’ म्हणतात, शेवटी जी-एच. संस्कृतात ‘दिह्’ म्हणजे लिंपणे, थापणे, आणि त्यापासून ‘देह’. मातीचा गोळा थापून घडवावा तसा घडवलेला तो देह. पोळपाटावरचा कणकेचा गोळा आणि आपला देह हे शब्द एका मुळाचे आहेत, हे समजल्यावर पोळ्या लाटताना जरा दबकायला होते.

आता आपले क्रियापद घ्या. ‘वे’, शेवटी जी-एच. जुने रूप ‘वेगन’. नियमाप्रमाणे संस्कृतात ‘व’नंतर ‘ह’ हवा. तो आहे: ‘वह्’, म्हणजे वाहून नेणे. अर्थही तोच, जो जुन्या इंग्रजीत होता. आणि हाच नियम ‘वेग’ला दाराबाहेर ठेवतो, कारण संस्कृतात ‘ग’ असेल तर इंग्रजीत ‘क’ यायला हवा. जसा ‘गो’ म्हणजे गाय, तिचा इंग्रजीत ‘काउ’ झाला. नियम काही शब्दांना आत घेतो आणि काहींना अडवतो, म्हणूनच तो नियम. प्रयोगशाळेतील नियमांकडून आपण यापेक्षा वेगळी अपेक्षा करीत नाही.

लॅटिनमध्ये हाच धातू ‘वेहेरे’ असा आहे, रशियनमध्ये ‘वेझ्ती’, ग्रीकमध्ये त्यापासून रथ या अर्थाचा ‘ओखोस’. जर्मनमध्ये हलविणे, रस्ता, गाडी आणि तोलणे या चारही अर्थांचे शब्द त्यापासून झालेले आजही रोजच्या वापरात आहेत. नॉर्वे या देशाच्या नावातला ‘वे’ म्हणजे उत्तरेकडचा मार्ग. बोटाएवढ्या वस्तूला स्कॉटलंडमध्ये ‘वी’ म्हणतात. त्या शब्दाचा मूळ अर्थ चक्क ‘वजन’. थोडेसे वजन, थोडेसे वजन असे म्हणता म्हणता ‘थोडेसे’ एवढेच उरले.

वाहणाऱ्यांचे कूळ

मराठीत ‘वाहणे’ किती कामे करते! भोई पालखी वाहतात. नदी वाहते. देवाला फूल वाहतात. घरातला वडील मनुष्य सगळ्यांची काळजी वाहतो. वाहन, वाहक, वाहतूक, प्रवाह, निर्वाह, रक्तवाहिनी ही सारी याच घरची मंडळी. विवाह हाही त्यातलाच. वधूला आपल्या घरी वाहून नेणे हा त्याचा मूळ अर्थ. ‘वाघिणी’चा खरा नातेवाईक कोण, हे आता सांगायला नको. ती वाघाची नव्हे, वाहनाची बहीण आहे.

लॅटिनच्या ‘वेहेरे’पासून इंग्रजीत ‘व्हेइकल’ आला. १९८८च्या मोटर व्हेइकल्स अ‍ॅक्टला आपण मोटार वाहन कायदा म्हणतो. भाषांतर करणाऱ्याने ‘व्हेइकल’साठी जो शब्द योजला तो त्याचाच चुलतभाऊ निघाला.

विज्ञानाच्या विद्यार्थ्याला अधिक जवळचे दोन शब्द आहेत. त्यांपैकी एक ‘व्हेक्टर’. लॅटिनमध्ये व्हेक्टर म्हणजे वाहून नेणारा, वाहक. सूर्यापासून ग्रहापर्यंत काढलेल्या रेषेला खगोलशास्त्रज्ञ ‘रेडियस व्हेक्टर’ म्हणू लागले होते, कारण ती रेषा जणू ग्रहाला भोवती वाहून नेते. मग १८४६ साली आयर्लंडचा गणिती विल्यम रोअन हॅमिल्टन याने दिशा असलेल्या राशींसाठी ‘व्हेक्टर’ आणि दिशा नसलेल्यांसाठी ‘स्केलर’ ही नावे योजली. एका बिंदूला दुसऱ्या बिंदूपर्यंत वाहून नेतो तो व्हेक्टर. बिंदू ‘अ’पासून ‘ब’पर्यंत गेलात, तिथून ‘क’पर्यंत गेलात, तर एकूण तुम्ही ‘अ’पासून ‘क’पर्यंत वाहिले गेलात. व्हेक्टरांच्या बेरजेचा त्रिकोण याहून वेगळे काय सांगतो? आपला ‘सदिश’ हा पारिभाषिक शब्द चांगलाच आहे, दिशा असते हे तो स्पष्ट सांगतो. पण ही बेरीज अशी का करायची, ते मात्र जुन्या लॅटिन शब्दात अधिक चांगले दिसते. वैद्यकात डासाला मलेरियाचा ‘व्हेक्टर’ म्हणतात, तिथेही अर्थ तोच: रोग वाहून नेणारा. सिकंदराबाद येथे २० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठराच्या भित्तीत मलेरियाचे परजीवी दिसले, आणि हा वाहक पकडला गेला.

दुसरा शब्द ‘कन्व्हेक्शन’. विल्यम प्राउट या इंग्रज वैद्याने तो १८३४ साली सुचविला. ‘कन्’ म्हणजे बरोबर, आणि पुढे आपला वाहणारा धातू. पातेल्यात पाणी तापते तेव्हा तळाचे गरम पाणी स्वतःच वर जाते आणि जाताना उष्णता आपल्याबरोबर वाहून नेते. एवढे सगळे त्या एका शब्दात बसले आहे. मराठी पाठ्यपुस्तकांत याला ‘अभिसरण’ म्हणतात, आणि ‘वहन’ हा शब्द ‘कंडक्शन’ला दिलेला आहे. म्हणजे ‘वह्’ धातू इंग्रजी परिभाषेत एका प्रकाराला चिकटला आणि मराठीत शेजारच्या प्रकाराला! परीक्षेत मात्र आपल्या पुस्तकातलेच लिहावे.

हे सांगण्याचे एक कारण आहे. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेली मुले अकरावीला विज्ञानशाखेत येतात आणि एकाएकी सारी परिभाषा इंग्रजी होते. पहिल्या सहामाहीत त्यांच्यातली कित्येक हुशार मुले गप्प होतात. त्यांना पदार्थविज्ञान कळत नसते असे नव्हे. ते ज्या शब्दांतून येते ते शब्द त्यांना परके, निर्जीव वाटतात, दगडासारखे. मग पाठांतर सुरू होते. ‘व्हेक्टर’ आणि ‘वाहक’, ‘व्हेइकल’ आणि ‘वाहन’, ‘वे’ आणि ‘वाहणे’ हे फळ्यावर शेजारीशेजारी लिहिण्यास पाच मिनिटे लागतात. शिक्षकांनी ती खर्च करावीत, असे माझे मत आहे. त्याने अभ्यासक्रम मागे पडत नाही.

उचलले तरच कळते

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. वाहून नेणे या अर्थापासून तोलणे हा अर्थ निघालाच कसा?

असा बदल एकदाच झाला असता तर तो इंग्रजांचा लहरीपणा म्हणून सोडून देता आला असता. पण तो निरनिराळ्या ठिकाणी, निरनिराळ्या धातूंच्या बाबतीत घडलेला आहे. संस्कृतातला ‘भृ’ हा धातू पाहा. त्याचाही अर्थ वाहणे, धारण करणे. इंग्रजीतील ‘बेअर’ हा त्याचा भाऊ. ‘भ’च्या जागी इंग्रजीत ‘ब’ येतो, जसा ‘भ्राता’ आणि ‘ब्रदर’. या ‘भृ’पासून आपल्याकडे शब्द झाला ‘भार’. तिकडे ‘बेअर’पासून झाला ‘बर्डन’, म्हणजे ओझे. पुन्हा वाहण्यातूनच जडपणा.

तिसरे उदाहरण तर आपल्या बाजारातच आहे. ‘तोलणे’ हे क्रियापद संस्कृतातील ‘तुल्’पासून आले. ‘तुल्’चा अर्थ वर उचलणे आणि उचलून वजन ठरविणे, असा दुहेरी आहे. तुला, तोल, सोनाराचा तोळा हे सगळे तिथलेच. या मुळाचा ग्रीक नातेवाईक ‘टॅलंटन’. त्याचा अर्थ तराजू आणि एक ठरावीक वजनही. तेवढ्या वजनाच्या चांदीला, म्हणजे रकमेला, तेच नाव पडले; बायबलातील एका दृष्टान्तात धन्याने चाकरांच्या हवाली केलेले धन असा तो शब्द आला आणि त्यावरून देवाने दिलेली बुद्धी म्हणजे ‘टॅलंट’. एखाद्या मुलात टॅलंट आहे असे आपण म्हणतो तेव्हा नकळत त्याला तराजूतच घालत असतो. लॅटिन लोकांनी जडपणा ओळखला तो टांगून: ‘पेंडेरे’ म्हणजे टांगणे व तोलणे, त्यावरून पौंड हे वजन आणि पेंड्युलम हा लंबक.

काटे-तराजू नव्हते तेव्हाही माणसाला जड काय आणि हलके काय हे ठरवायचे होतेच. धान्याची दोन गाठोडी नुसती पाहून ते कळत नाही. एक या हातात, दुसरे त्या हातात घेऊन उचलून पाहावे लागते. आजही भाजी घेताना आपण दोन कलिंगडे हातांवर जोखतो. जडपणा दिसत नाही. तो वाहणाऱ्याला कळतो. तराजू म्हणजे त्या दोन हातांची लाकडात केलेली नक्कल.

इथे भाषेचा इतिहास आणि पदार्थविज्ञान एकमेकांना भेटतात. तळहातावर एक किलो साखरेची पिशवी धरा. पृथ्वी तिला सुमारे ९.८ न्यूटन बलाने खाली ओढते. पिशवी स्थिर राहावी म्हणून तुमचा हात तेवढ्याच बलाने तिला वर लोटतो. तुम्हाला जड वाटते ते हे लोटणे. गुरुत्वाकर्षण थेट कधीच जाणवत नाही. जाणवतो तो आधार. खुर्चीत बसल्यावर खुर्ची आपल्याला वर लोटते, उभे राहिल्यावर जमीन लोटते. आधार काढून घेतला तर ओढ तशीच राहते, पण जडपणा जातो. छपरावरून पडणाऱ्या माणसाला आपले वजन जाणवणार नाही, हा विचार १९०७ साली बर्नच्या पेटंट कचेरीत काम करणाऱ्या आइन्स्टाइनला सुचला आणि तिथून सामान्य सापेक्षतेची वाट सुरू झाली.

लिफ्टचे उदाहरण घेऊ. पन्नास किलो वस्तुमानाचा विद्यार्थी लिफ्टमध्ये वजनकाट्यावर उभा आहे. लिफ्ट दर सेकंदाला, सेकंदास एक मीटर या त्वरणाने वर निघाली, तर त्या क्षणी काटा सुमारे ५५ किलो दाखवील. त्याच त्वरणाने खाली निघाली, तर सुमारे ४५. पृथ्वीची ओढ दोन्ही वेळा तीच, ४९० न्यूटन. बदलला तो काट्याने पेललेला भार. आता, वजन कशाला म्हणायचे? पृथ्वीच्या ओढीला, की पेलाव्या लागणाऱ्या भाराला? पाठ्यपुस्तके पहिल्याला वजन म्हणतात आणि दुसऱ्याला ‘भासमान वजन’ असे काहीसे कमीपणाचे नाव देतात. ‘वे’ आणि ‘तोलणे’ यांच्या पूर्वजांना विचारले असते तर त्यांनी निःशंकपणे दुसऱ्याची बाजू घेतली असती. उचलणाऱ्याला जे कळते तेच त्यांच्या लेखी वजन.

न्यूटनने १६८७ साली वस्तुमान आणि वजन यांची फारकत केली. तरी शब्दांचा गोंधळ पुढे दोनशे वर्षे चालू होता. अखेर १९०१ साली पॅरिस येथे भरलेल्या वजने व मापे यांच्या तिसऱ्या सर्वसाधारण परिषदेने ठरवून टाकले की किलोग्रॅम हे वस्तुमानाचे एकक आहे आणि ‘वजन’ ही बलाच्या जातीची राशी आहे. बाजाराने या ठरावाकडे लक्ष दिले नाही. वाणी अजून किलोतच वजन सांगतो आणि आपणही तेच विचारतो. त्याबद्दल वाण्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. त्याचा तराजू दोन्ही पारड्यांत पृथ्वीची ओढ सारखीच असल्यामुळे वस्तुमानांचीच तुलना करतो. तो चंद्रावर नेला तरी एक किलो साखर एक किलोच्या मापाबरोबरच तुलेल. स्प्रिंगचा काटा मात्र तिथे एक-षष्ठांशच दाखवील.

अवकाशस्थानकात तर दोन्ही काटे निकामी. आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून फिरते. तिथे गुरुत्वाकर्षण नसते, असे पुष्कळांना वाटते. हिशेब करून पाहा: पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर, स्थानकाचे केंद्रापासूनचे अंतर ६,७७१, या दोहोंच्या गुणोत्तराचा वर्ग करा. उत्तर सुमारे ०.८९ येते. म्हणजे जवळजवळ नऊ-दशांश ओढ शाबूत आहे. नाही तो आधार. स्थानक, अंतराळवीर, त्याच्या हातातली वाटी, सारे काही एकसारखेच पृथ्वीकडे पडत आहे. कोणी कोणाला वाहत नाही. जिथे वाहणे नाही तिथे तोलणेही नाही.

तरीसुद्धा डॉक्टरांना अंतराळवीराचे वस्तुमान कळायला हवे असते, कारण दीर्घ मुक्कामात शरीर झिजते. त्यासाठी १९७३ साली स्कायलॅब या अमेरिकन स्थानकात एक खुर्ची बसविली होती. (हेच ते स्कायलॅब, जे जुलै १९७९मध्ये कोसळणार म्हणून आपल्याकडे केवढी घबराट उडाली होती.) खुर्ची स्प्रिंगला जोडलेली होती. अंतराळवीराने तीत स्वतःला घट्ट बांधून घ्यायचे आणि खुर्ची मागेपुढे झुलू द्यायची. वस्तुमान जास्त तितका झोका संथ. झोक्याचा काळ मोजला की वस्तुमान निघते. काळाचा वर्ग वस्तुमानाच्या समप्रमाणात असतो, म्हणजे काळ दुप्पट झाला तर वस्तुमान चौपट.

हा प्रयोग वर्गात करता येतो. हॅकसॉचे जुने पाते घ्या, दात्यांवर चिकटपट्टी गुंडाळा आणि पात्याचे एक टोक टेबलाच्या काठाशी शिकंज्यात असे घट्ट बसवा की मोकळे टोक वरखाली न होता डावी-उजवीकडे झुलेल. मोकळ्या टोकाला एकसारखी नाणी चिकटपट्टीने लावा: आधी दोन, मग चार, मग सहा. प्रत्येक वेळी वीस झोक्यांना किती सेकंद लागतात ते मोजा आणि नाण्यांच्या संख्येसमोर काळाच्या वर्गाचा आलेख काढा. बिंदू जवळपास सरळ रेषेत येतील. ती रेषा आरंभबिंदूतून जाणार नाही, कारण पात्यालाही स्वतःचे वस्तुमान आहे. मग एखादा खोडरबर लावून त्याचे वस्तुमान नाण्यांत सांगा. इंग्रजीत असे झुलण्याला, कुत्र्याचे शेपूट हलते तसे हलण्याला, ‘वॅग’ म्हणतात. तेही याच ‘वह्’च्या घरातले आहे.